सातासमुद्रापलीकडची चूल

आमच्या पिंपळे सौदागरमध्ये जुलै-ऑगस्ट महिना आला की घरोघरी वजनकाटा बाहेर निघतो. हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या असतात. एकेक बॅग तेवीस किलोची, त्याच्यावर गेली की विमानतळावर दंड! मग आई आणि आजी यांची कसोटी लागते. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, हिंगाची डबी, छोटा कुकर… काय ठेवायचं आणि काय काढायचं? पवनेकाठचं हे एकेकाळचं शेतीचं गाव. शेजारी हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि आता जवळजवळ प्रत्येक इमारतीतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. कुणाची लेक शिकायला, कुणाची सून नोकरीला. तुमच्या गावातूनही आता मुली जाऊ लागल्या असतीलच.

आणि प्रत्येक आईचा पहिला प्रश्न एकच असतो. तिकडे खाईल काय?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या एका मराठी मुलीने तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, वयाच्या अठराव्या वर्षी, एकटीने सोडवायला घेतला होता. तेव्हा कुकर नव्हता, इंडियन स्टोअर नव्हतं, फोनवरून आमटीची कृती विचारायची सोय नव्हती. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. परदेशात जाऊन वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव आपण शाळेत पाठ केलं. मीही बी.ए.ला असताना त्यांच्याविषयी वाचलं होतं. पण संसार केल्यावर, मंडळाच्या कामात चार घरांतली सुखदुःखं पाहिल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा पदवीपेक्षा त्यांची चूलच माझ्या डोळ्यांसमोर जास्त येत राहिली. म्हणून आज त्यांचं आयुष्य त्या चुलीच्या बाजूने सांगते.

स्वयंपाक केला म्हणून मार

कल्याणच्या जोशी घराण्यात 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या मुलीचं नाव यमुना. घर जुनं, वतनदारीचं, पण परिस्थिती उतरलेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. सासरी यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांना एकच ध्यास होता, बायकोला शिकवायचं. ऐकायला किती छान वाटतं ना? पण त्यांची पद्धत छान नव्हती. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली की ते भडकत. त्या काळी घरोघरी बायकांना नीट स्वयंपाक केला नाही म्हणून बोलणी खावी लागत, मार बसे. इथे उलटंच! पुस्तक बाजूला ठेवून चुलीपाशी बसली म्हणून या पोरीला काठीचा मार खावा लागला. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या मारझोडीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली होती. उपकार विसरल्या नाहीत आणि वळही विसरल्या नाहीत.

मला यातली गंमत म्हणा की दैवाचा खेळ म्हणा, वाटतो तो असा. आजीच्या हाताखाली लपूनछपून शिकलेला तो स्वयंपाकच पुढे सातासमुद्रापार त्यांच्या उपयोगी पडला. पुस्तकांनी त्यांना पदवी दिली, पण रोजचं जेवण मात्र त्या स्वयंपाकघराने दिलं.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. दहा दिवस जगला आणि गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरपुढे जायची लाज. या कात्रीत तेव्हा किती बाया आणि किती बाळं जात असतील! त्या दुःखातून आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं मनात घेतलं. आपण बायका दुःख गिळून टाकतो. या मुलीने गिळलं नाही, त्याचं काहीतरी करायचं ठरवलं.

एक पत्र आणि एक मावशी

गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. अलिबाग, मुंबई, भुज, मग कलकत्ता आणि बंगालमधलं श्रीरामपूर. बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकेतले मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं. मदत करू, पण ख्रिस्ती व्हा, असा त्यांच्या उत्तराचा सूर होता. ते जोशी दांपत्याला मान्य नव्हतं. मात्र तो पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला, आणि ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडलं. कुठे? दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या असताना! हे साल 1880. कुठली कोण ही परकी मुलगी, पण तिची शिकायची धडपड वाचून त्या घरी गेल्या आणि पत्र लिहायला बसल्या. पुढे दोघींची पत्रं वाढत गेली आणि आनंदीबाईंसाठी त्या मावशी झाल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. कलकत्त्याला असतानाच आनंदीबाईंची तब्येत बरी नसे. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी दम लागणं. मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली, पण गुण आला नाही.

घरची बाई एकटी परदेशी जाणार म्हटल्यावर लोक गप्प बसतील का? रस्त्याने जाताना माणसं टक लावून पाहत, हसत. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडणं. त्यात बाई, त्यात ब्राह्मणाची, त्यात नवरा बरोबर नाही. शेवटी 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत भाषण केलं. वय अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी होता! आपल्या देशात बाई डॉक्टरची किती गरज आहे ते त्यांनी सांगितलं, आणि भर सभेत ग्वाही दिली की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. माझा पेहराव, माझं खाणंपिणं मी सोडणार नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मला विचाराल तर त्या ग्वाहीचं खरं ओझं टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बर्फ पडणाऱ्या मुलखात काय नेसायचं आणि परक्या गावात काय शिजवायचं, हे त्या क्षणापासून तिचं खासगी राहिलं नाही. ती सगळ्या समाजाची बाब झाली.

बोटीवरचे दोन महिने

दागिने विकून तिकिटाची सोय केली आणि 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण ती सोबत नावालाच. धर्म बदलण्याचा आग्रह वाटेतही चालूच राहिला. बोटीवरचं स्वयंपाकघर साहेबी. टेबलावर मांसाचे पदार्थ, भांड्याला भांडं लागलेलं, भाजी म्हणजे उकडलेला बटाटा. अशा पंगतीत लहानपणापासून सोवळ्यातला स्वयंपाक पाहिलेल्या मुलीची काय अवस्था झाली असेल? आज विमानात वीस तास जेवण आवडलं नाही तर आपल्या मुली घरी फोन करून तक्रार करतात. तिने तसे जवळजवळ दोन महिने काढले. खाण्याचे हाल झाले, पण 4 जून 1883 रोजी ती न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली तेव्हा तिची ग्वाही शाबूत होती.

धक्क्यावर मावशी हजर होत्या. तीन वर्षं पत्रातून ओळखलेली ही बाई त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली.

रोझेलची पंगत

पुढचे काही महिने रोझेलचे. आनंदीबाईंच्या आयुष्यातले हे सर्वांत सुखाचे दिवस असावेत. कार्पेंटर मावशींचं घर मध्यमवर्गीय, माणसं मोकळी. त्यांनी या मुलीला तिच्या पद्धतीने राहू दिलं. तू आमच्यासारखं खा, असा आग्रह नाही. उलट स्वयंपाकघर तिच्यासाठी उघडं!

आणि आनंदीबाईंनी काय करावं? मावशींच्या मैत्रिणींना चक्क आपल्या पद्धतीचं जेवण घातलं. स्वतः रांधलं. पाहुण्या बायकांना साड्या नेसवल्या, कुंकू लावलं, जमिनीवर पंगत मांडली आणि हाताने जेवायला लावलं. डोळ्यांपुढे आणून पाहा. न्यू जर्सीतल्या त्या गोऱ्या बायका, साडीचा पदर सांभाळत मांडी घालून बसायची धडपड करताहेत, बोटांनी घास घेताना हसताहेत आणि मधोमध वाढायला अठरा वर्षांची मराठी मुलगी!

मला ही पंगत फार मोलाची वाटते. परक्या देशात आपलं जेवण टिकवायचं म्हणजे दार लावून एकटं जेवत बसायचं, असं आपल्याला वाटतं. आनंदीबाईंनी दार उघडलं. माझं वेगळं आहे म्हणून तुम्ही दूर राहा, असं न म्हणता माझं वेगळं आहे म्हणून या, चाखून पाहा, असं सांगितलं. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक मुलीने हे शिकण्यासारखं आहे. ओळखी वाढवायला पोह्यांच्या बशीसारखं दुसरं साधन नाही!

धूर की थंडी?

ऑक्टोबर 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात अभ्यास सुरू झाला. बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या कॉलेजांपैकी हे एक. प्रमुख होत्या रॅचेल बॉडली. त्यांनी या मुलीचा अर्ज वाचून तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली होती.

आता मात्र मावशींचं घर मागे राहिलं. राहायला एक खोली मिळाली. तिथली शेगडी अशी की पेटवली की खोलीभर धूर. म्हणजे धुरात बसायचं नाहीतर गारठ्यात. या दोन्हींतून रोज एक निवडायचं. फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे बर्फ. आणि अंगावर नऊवारी, जिच्यात पोटऱ्या आणि पावलं उघडी. शेवटी त्यांनी नवऱ्याला पत्राने कळवून नऊवारी सोडली आणि गुजराती पद्धतीची, पायापर्यंत झाकणारी गोल साडी घेतली. पाहा, पेहराव सोडला नाही पण थंडीपुरता वळवला. हट्ट आणि शहाणपण यांतला फरक त्यांना कळत होता.

खाण्याचं मात्र इतकं सहज वळवता येईना. त्या काळच्या अमेरिकेत शाकाहारी माणसाला मिळणार काय? गव्हाचं पीठ, मक्याचं पीठ, कॅरोलिना भागातला तांदूळ, बटाटे, घेवड्याच्या जातीचे दाणे, कोबी, सफरचंदं, दूध, लोणी. म्हणजे उपाशी मरायची वेळ नव्हती. पण तुरीची डाळ नाही, हिंग नाही, कढीलिंब नाही, गूळ-चिंच नाही. बाहेर तयार मिळणाऱ्या पदार्थांत डुकराची चरबी सर्रास वापरलेली असे, म्हणजे पाव-बिस्किटाचाही भरवसा नाही. मग उरतं काय? आपणच रांधायचं.

आणि रांधायचं कधी? दिवसभर व्याख्यानं, शवविच्छेदन, रुग्णालय. रात्री परक्या भाषेतली जाडजूड पुस्तकं. या सगळ्याच्या मध्ये विस्तव पेटवा, निवडा, चिरा, शिजवा, भांडी घासा. आपण बायकांना वेगळं सांगायला नको. एकट्या जिवासाठी स्वयंपाक करायचा म्हटलं की पहिल्या दिवशी भात-आमटी, दुसऱ्या दिवशी नुसता भात आणि तिसऱ्या दिवशी दूध पिऊन झोपणं. घरात माणसं असली की आपण करतो, स्वतःसाठी करायला मात्र कंटाळतो. त्यात थकलेलं शरीर.

आश्चर्य म्हणजे त्याच फिलाडेल्फियात शाकाहार अगदीच नवा नव्हता. मांस न खाण्याचा नियम पाळणारा एक ख्रिस्ती पंथ 1817 पासून त्या शहरात होता, आणि अमेरिकेतली शाकाहारी संस्था 1850 मध्येच स्थापन झाली होती. पुढे 1888 मध्ये गांधीजी लंडनला शिकायला गेले, तेव्हा कित्येक दिवस अर्धपोटी हिंडल्यावर त्यांना एक शाकाहारी खानावळ सापडली. तिथे पोटभर जेवले, पुस्तकं मिळाली, त्याच विचाराची माणसं भेटली आणि जीव रमला. पण गांधीजी पुरुष होते, लंडनभर पायी हिंडून खानावळ शोधू शकत होते. संध्याकाळनंतर एकट्या बाईने खानावळीत जाऊन जेवणं तेव्हा अमेरिकेतही सभ्यपणाचं मानत नसत.

पहिल्याच हिवाळ्यात आनंदीबाई आजारी पडल्या. तेव्हा बॉडलीबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी नेलं. पहिली मावशी पत्रातून मिळाली होती, ही दुसरी कॉलेजात मिळाली.

दोन मराठी पानं

अभ्यास त्यांनी सोडला नाही. 10 ऑक्टोबर 1885 चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तिघी आहेत. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या वेषातल्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी एकाच कॉलेजच्या. तिघींनी आपापल्या देशात असं शिकून दाखवणाऱ्या पहिल्या बायकांत नाव मिळवलं. त्या तिघींची ताटंही किती वेगवेगळी असतील!

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईने निवडलेला विषय! आदल्या वर्षी गोपाळरावही अमेरिकेत पोचले होते. आणि समारंभाला खास इंग्लंडहून आल्या होत्या पंडिता रमाबाई, आनंदीबाईंच्या लांबच्या नात्यातल्या.

इथे एक मोठी सांगण्यासारखी गोष्ट आहे. रमाबाईंनी 1883 मध्येच इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही. तिथल्या जोगिणींना ते खटकलं. धर्म बदलला, मग जेवण का बदलत नाही, हा जुन्या जातीचा अभिमान तर नाही ना, अशी त्यांना शंका. पण रमाबाई ठाम राहिल्या. एकीने धर्म राखला आणि जेवणही राखलं, दुसरीने धर्म बदलला पण जेवण राखलं. म्हणजे पानात काय वाढायचं हा नुसता धर्माचा प्रश्न नसतो. ती चव असते, सवय असते, आणि कुणाच्या सांगण्यावरून मी बदलणार नाही असा स्वाभिमानही असतो. त्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात या दोघी जवळ बसल्या, तेव्हा कुणीतरी वरण-भाताची आठवण काढली असेल का? मला आपलं वाटतं, नक्की काढली असेल!

शाकाहाराने जीव घेतला का?

पदवीनंतर अनुभवासाठी त्या बोस्टनच्या बायका-मुलांच्या रुग्णालयात गेल्या, पण तब्येतीने साथ सोडली. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाचं प्रमुखपद देऊ केलं होतं. आजचं सीपीआर रुग्णालय ते हेच. पण 9 ऑक्टोबर 1886 रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या आनंदीबाई 16 नोव्हेंबरला मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन. लोकांनी हार घातले, सत्कार केले. पुण्यात औषधपाणी चाललं. 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाच उरला होता. कोल्हापूरच्या त्या बायका आपल्या बाई डॉक्टरची वाट पाहतच राहिल्या.

तेव्हापासून आजवर एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, की आपलं खाणं सोडलं नाही म्हणून ती गेली. मांस, अंडी खाल्ली असती तर वाचली असती. मला हे पटत नाही. आणि दुसऱ्या बाजूचे लोक तिच्या शाकाहाराची पूजा करतात, तेही पटत नाही. दोन्हींत तिचा खरा त्रास झाकला जातो.

जरा आठवा, ताप, दम लागणं, अशक्तपणा हे सगळं कलकत्त्यालाच सुरू झालं होतं. क्षयाचा जंतू डॉ. कॉख यांनी शोधला तो 1882 मध्ये, आनंदीबाई बोटीत बसायच्या फक्त एक वर्ष आधी. आणि त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं 1943 मध्ये, त्या गेल्यावर छप्पन्न वर्षांनी. भरपूर मांस खाणारी गोरी माणसंही तेव्हा अमेरिकेत क्षयाने हजारोंनी मरत होती.

पण म्हणून जेवणाचा काहीच संबंध नाही असंही नाही. संबंध आहे तो पोट भरण्याशी. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना महिन्याचं धान्य-डाळ असा पोषक शिधा देऊन पाहिला. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झालं. शिधा साधाच होता, तांदूळ आणि डाळ. आमच्या भागातल्या वस्त्यांत आम्ही बायका जातो, तिथेही हेच दिसतं. औषध फुकट मिळतं, पण ताट अर्धं असतं, आणि घरातल्या बाईचं तर सगळ्यांत शेवटी. म्हणूनच सरकारने 2018 पासून क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये द्यायला सुरुवात केली आणि 2024 मध्ये ते हजार केले. तुमच्या ओळखीत कुणी रुग्ण असेल तर सरकारी दवाखान्यात याची चौकशी जरूर करा.

तेव्हा आनंदीबाईंचा घात शाकाहाराने केला असं मी म्हणणार नाही. आधीचं दुखणं, गारठा, धूर, जागरणं, एकटेपणा आणि रोज दमून आल्यावर स्वतःच पेटवायची ती शेगडी, या सगळ्यांनी मिळून ते शरीर खचवलं. आणि त्यावर ग्वाहीचं ओझं. परदेशी गेलेल्या पुरुषाने परत आल्यावर प्रायश्चित्त घेतलं की भागत असे. बाई मात्र गेल्यापासून परत येईपर्यंत प्रत्येक घासाला परीक्षेला बसलेली.

आपल्या लेकींसाठी

आज गोष्टी किती सोप्या झाल्या आहेत! न्यू जर्सीतच आता भारतीय दुकानांच्या रांगा आहेत, कढीलिंबापासून तुरीच्या डाळीपर्यंत सगळं मिळतं. दूध-तूपही न घेणारा व्हेगन आहार तिकडे चांगलाच रुळला आहे. हा शब्दच मुळी 1944 मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला. तरी नव्या मुलीला अडचणी येतातच. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो, अमेरिकेत तशी सक्ती नाही. म्हणून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायला शिकवा. जेली आणि मऊ गोळ्यांत जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातडीचं. भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं, राजम्यासारख्या उसळीत चरबी. व्हेगन मुलीने बी-12 ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायलाच हवी, कारण ते जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. नुसत्या दूध-भातावर राहणाऱ्या शाकाहारी मुलीनेही एकदा तपासून घेतलेलं बरं.

आणि निघण्याआधी, मुलगा असो की मुलगी, चार पदार्थ हाताने करायला लावा. खिचडी, एक उसळ, थालीपीठ, पिठलं. मसाल्याचा डबा बॅगेत मावतो, पण हाताची सवय बॅगेत घालता येत नाही.

शेवटचं सांगते आणि थांबते. आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा अमेरिकेला मावशींकडे गेली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी नावाच्या गावी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिचं स्मारक आहे. ज्या घराने तिला तिच्या पद्धतीने रांधू दिलं, जेवू दिलं, त्याच घराच्या माणसांमध्ये तिला कायमची जागा मिळाली. आपण मात्र ती असताना तिच्याकडून शब्द घेतला होता.

म्हणून मैत्रिणींनो, मुलगी निघताना तिला शपथा घालू नका. ती काय खायचं ते तिचं तिला ठरवू द्या. आपल्यासारखं जेवली तर आनंद आहेच, थोडं बदललं तरी ती आपलीच आहे. रात्री फोन आला की आज काय खाल्लंस असं तपासणीसासारखं विचारण्याआधी एवढंच विचारा, पोटभर जेवलीस ना गं?